आधी सांधा बघा

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीच्या गेटाबाहेर शेवटचे पंधरा-वीस दिवस एक प्रदर्शनच भरलेलं असतं. गोरेगावात बघा, चेंबूरला बघा, मुलुंडला बघा, चित्र तेच. घरं रिकामी होत असतात, टेम्पो लागलेला असतो, आणि भाड्याच्या घरात जे मावणार नाही ते खाली येऊन पडतं. भंगारवाला सकाळपासून तिथेच उभा. तो काय उचलतो आणि काय सोडतो, हे नीट पाहण्यासारखं असतं. लोखंडी कपाट सगळ्यात आधी जातं. मग फोल्डिंगची खाट, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, आजोबांच्या वेळची सागवानी आरामखुर्ची; तिचं कापड फाटलंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. शेवटी उरतं ते हॉलमधलं वॉल युनिट, स्टोरेजचा बेड, किचनचे खोके. हौसेनं, लाखभर रुपये मोजून करून घेतलेलं सामान. भिंतीतून पहारीने उचकटताना त्याच्या कडा फुटलेल्या, सनमायका सुटलेला, आतला भुसा दिसतोय. फुकट नेतोस का, असं विचारलं तर भंगारवाला मान हलवतो. उलट उचलायचेच पैसे मागतो.

मुंबईत फर्निचरची याहून चोख परीक्षा कुठे होत असेल असं मला वाटत नाही.

पर्यावरणपूरक फर्निचरची चर्चा आपल्याकडे सुरू झाली की ती लाकडावरून सुरू होते. बांबू घ्या, जुन्या वाड्यांचा साग घ्या, रबरवुड घ्या, प्लायवर अमुक शिक्का आहे का बघा. हे सगळं बघावंच. पण माझं म्हणणं असं आहे की वस्तू कशाची आहे हा दुसरा प्रश्न झाला. ती जोडलीय कशी, आणि जोडलेली ती वस्तू घरात सापडणाऱ्या एखाद्या हत्याराने, काही न मोडता, सुटी करता येते का, हा पहिला. या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर उत्तमातला उत्तम बांबूसुद्धा एक दिवस त्या गेटाबाहेर येऊन पडणार. आणि उत्तर ‘हो’ असेल तर साध्या प्लायचं कपाटही तीन घरं बघेल.

वॉल युनिट कसं तयार होतं ते आठवा. आठ बाय चारच्या अठरा मिलिमीटर प्लायच्या शीट येतात. मिस्त्री त्या कापतो, कडेला फेविकॉल लावतो, वरून खिळ्यांची बंदूक चालवतो. फट, फट, फट. दहा मिनिटांत खोका उभा. खिळ्यांची डोकी आत गेलेली, त्यावर पुट्टी, त्यावर सनमायका, तोही चिकटवलेला. मग तो खोका भिंतीला ठोकतात, वर फॉल्स सीलिंग, खाली स्कर्टिंग, दोन्हीकडून फट बुजवलेली. यातली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीचा परतीचा रस्ता बंद करत जाते. शिवाय प्लाय ही मुळातच पातळ पापुद्रे रेझिनने चिकटवून केलेली गोष्ट. स्वस्तातल्या प्लायमध्ये युरिया फॉर्माल्डिहाइड असतं, पाण्यात टिकणाऱ्या प्लायमध्ये फिनॉल फॉर्माल्डिहाइड. लाकूड, रेझिन, गोंद, कागदी लॅमिनेट, खिळे यांचा असा काला झाल्यावर त्यातून एक गोष्ट वेगळी काढायची म्हटलं तर ते कोणाच्याच बापाला परवडत नाही. भंगारवाल्याला हे शाळेत न जाता कळतं.

पूर्वी यालाही एक वाट होती, ती म्हणजे पावाची भट्टी. मुंबईतल्या लाकडावर चालणाऱ्या बेकऱ्यांमध्ये पाडकामाचं आणि मोडक्या फर्निचरचं लाकूड वर्षानुवर्षं जळत आलं. रंग, पॉलिश, रेझिन सगळ्यासकट. फॉर्माल्डिहाइड हे माणसात कर्करोग घडवणारं रसायन आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केलेलं आहे, त्यामुळे त्या धुरात काय काय जात होतं याचा विचार न केलेलाच बरा. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितलं. योग्यच झालं. पण आता त्या वॉल युनिटचं करायचं काय, हे त्यातून कोणी सांगितलेलं नाही. भट्टीची वाट बंद झाली म्हणजे डंपिंगची वाट मोठी झाली, इतकंच.

बरं, जोडलेलं सुटं करता येईल असं फर्निचर म्हणजे काही परदेशातून आणायची अक्कल नाही. हे शहर त्यावरच वाढलंय.

इराण्याच्या हॉटेलातली काळी, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची घ्या. जी थोडी इराणी हॉटेलं उरली आहेत, तिथे बसलात तर चहा येईपर्यंत शेजारची रिकामी खुर्ची जरा उलटी करून बघा (मालक बघत नसताना). बैठकीखाली एक गोल कडं दिसेल, त्याला चारही पाय स्क्रूने आवळलेले. मागचे दोन पाय आणि पाठ मिळून एकच लांब दांडा, वाफेवर मऊ करून वाकवलेला. बैठकीला तो दोन ठिकाणी पकडतो. गोंद जवळपास नाहीच. या खुर्चीचं मूळ १८५९ सालातलं, मायकल थोनेट या फर्निचर करणाऱ्याच्या कारखान्यातलं, १४ नंबरची खुर्ची म्हणून ती ओळखली गेली. लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. अशा ३६ खुर्च्या सुट्या करून एक घनमीटरच्या खोक्यात बसायच्या, म्हणून तर त्या जहाजाने जगभर गेल्या. इराण्याच्या हॉटेलातली खुर्ची डगमगली की पोऱ्या पेचकस आणून स्क्रू आवळायचा, बैठक फाटली तर बैठक तेवढी बदलायची. किती पिढ्यांचा मस्का-पाव त्या खुर्च्यांनी सोसला असेल!

दुसरी वस्तू याहून साधी, आणि माझ्या मते मुंबईतलं सगळ्यात यशस्वी फर्निचर तेच. अँगलची मांडणी. भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्या, पत्र्याचे कप्पे, नट-बोल्ट. वाण्याच्या दुकानात, केमिस्टकडे, वकिलाच्या फायलींखाली, शाळेच्या प्रयोगशाळेत, वाचनालयात, आपल्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गव्हाच्या डब्यांखाली. हिची रचना १९४७ साली लंडनमध्ये डिमेट्रियस कोमिनो नावाच्या माणसाने बाजारात आणली. मुंबईत येऊन ती इतकी आपली झाली की तिला कोणी डिझाइन म्हणतच नाही. सहा मिलिमीटरचा बोल्ट, त्याला दहाचा पाना, बस्स. दुकान हललं की मांडणी सुटते, गठ्ठा बांधून टेम्पोत जाते, नव्या जागेत उंची कमी असेल तर एक कप्पा कमी होतो. पाच फुटी मांडणीची सात फुटी होते, दोन मांडण्यांचं एक टेबल होतं. कोणी गॅरंटी कार्ड मागत नाही. एखादा बोल्ट हरवला तर नागदेवीच्या बाजारात किंवा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे मुठीने मिळतो. दिसायला ती कुरूप आहे हे खरं. पण कुरूप दिसणं हा बोल्टचा दोष नाही, आपल्या डिझायनरांनी तिच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही याचा आहे.

गावाकडची बाज आठवत असेल. चार खूर, त्यांना भोकं, भोकांत गाते, म्हणजे आडवे दांडे, बसवलेले, आणि सगळ्याला आवळून धरणारं सुंभ, म्हणजे काथ्याची दोरी. खिळा एक नाही. सुंभ सैल पडलं की पायथ्याकडून ओढायचं. झोपाळा कड्यांवर लटकतो, कड्या काढल्या की फळी भिंतीला लागते आणि हॉलमध्ये चार पाहुणे झोपतात. आणि गणपतीचा मंडप? दर श्रावणात बांबू आणि दोरीच्या जिवावर या शहरात हजारो इमारती उभ्या राहतात असं म्हटलं तरी चालेल. अनंत चतुर्दशीनंतर काही दिवसांत त्या उतरतात आणि तेच बांबू नवरात्रात दुसऱ्या गल्लीत दिसतात. मंडप डेकोरेटरला बांबूला खिळा ठोकून चालत नाही. खिळ्याने बांबू उभा चिरतो आणि पुढच्या वर्षी तो कामाचा राहत नाही. म्हणून गाठ. त्याच्या धंद्याचं गणितच पुन्हा वापरण्यावर उभं आहे, म्हणून त्याचा सांधा बरोबर आहे.

आता जुन्या सागाबद्दल. हा विषय निघाला की मुंबईकर जरा हळवा होतो आणि त्याला कारणही आहे. वाडिया मंडळींनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागाची जी जहाजं बांधली त्यातलं ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. त्याची मोठी डागडुजी झाली, पण खराब झालेलं तेवढं बदललं आणि बराचसा मूळ साग राहिला. पुढे ब्रह्मदेशचा साग आला. त्या व्यापारासाठी १८६३ साली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन झाली. गिरगाव, काळबादेवी, भेंडीबाजार इथल्या जुन्या चाळी आणि माड्या अशा लाकडाच्या तुळयांवर, खांबांवर, कडीपाटावर उभ्या राहिल्या. त्या पडतात तेव्हा त्यांचं लाकूड उकिरड्यावर जात नाही. पाडकामाचा ठेकेदार मजुरी आणि काँक्रीटचा ढिगारा सोसतो तो बऱ्याचदा या लाकडाच्या आशेवरच.

जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात गेलात तर हे लाकूड दुसऱ्या जन्माला येताना दिसतं. तुळई जमिनीवर आडवी पडलेली असते. एक माणूस तिच्यावर बसून हाताने चाचपत खिळे शोधतो, कारण आत राहिलेला एक खिळा आरायंत्राचं पातं खाऊन टाकतो. खिळा दिसला की भोवतीचं लाकूड पटाशीने जरासं उघडायचं, जंबुऱ्याने पकडायचं, ओढायचं. काही खिळे वीतभर लांब, ठोकून केलेले, चौकोनी. तुळईच्या टोकाला कुसू दिसतं, म्हणजे खांबाच्या भोकात बसणारी जीभ, आणि त्यातून आरपार गेलेल्या खुंटीचं भोक. वर शंभर वर्षांची काजळी. रंधा एकदा फिरला की आतून मधासारखा रंग निघतो आणि वास येतो. हे लाकूड पुन्हा विकलं जातं ते फक्त साग आहे म्हणून नाही. त्याला जोडताना कोणी गोंदाने माखलं नव्हतं, कशाच्या तरी पापुद्र्याने झाकलं नव्हतं, म्हणून. त्याच सागाचा आज पातळ पापुद्रा काढून प्लायवर चिकटवा, पंधरा वर्षांनी तो भंगारवाला त्याच्याकडे बघणारही नाही.

आणि गोंद म्हणजे शत्रू असंही नाही. पूर्वीचे सुतार सरस वापरत, जनावरांच्या कातड्या-हाडांचा, गरम करून लावायचा. त्याचा वास घाणेरडा आणि काम कटकटीचं, म्हणून पांढरा गोंद आला तेव्हा सुतारांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण सरसाचा एक गुण त्याच्याबरोबर गेला. ऊब आणि ओल दिली की तो सुटायचा. जुनी वाद्यं दुरुस्त करणारे आजही याच कारणासाठी तो धरून आहेत.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर तो ‘अपसायकल’, म्हणजे टाकाऊतून नवं, या नावाच्या दिखाऊपणाचा. वांद्रे, लोअर परळ भागातल्या कॅफेंमध्ये पॅलेटचे सोफे असतात. न्हावा-शेवाला उतरणाऱ्या मालाखालची पाइनची पॅलेटं भिवंडी, कळंबोलीकडे ढिगाने मिळतात. चांगलं, वापरण्याजोगं लाकूड आहे ते. त्यावर गव्हाच्या लोंबीसारखं एक चिन्ह डागलेलं असतं. त्यात ‘एचटी’ अशी अक्षरं असली तर लाकूड तापवून कीड मारलेली, ५६ अंशांना ३० मिनिटं. ‘एमबी’ असलं तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. ते घरात आणू नये. हे चिन्ह तपासून पॅलेट घेणारे डिझायनर आहेत, त्यांना मानलं पाहिजे. पण पुढे काय होतं? पॅलेट तोडून फळ्या काढतात, त्या प्लायच्या खोक्यावर गोंदाने आणि बंदुकीच्या खिळ्याने चिकटवतात, वर पॉलिशचे चार हात. दोन वर्षांनी कॅफेची थीम बदलते आणि सगळं कचऱ्यात. म्हणजे पॅलेट असताना जे लाकूड दहा फेऱ्या मारू शकलं असतं, त्याची आपण शेवटची फेरी केली, आणि तिला हिरवं लेबल लावून दुप्पट भाव घेतला. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

चंदीगडची गोष्ट याच्या नेमकी उलट, आणि तरी आपल्यालाच शरम वाटावी अशी. तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी पियर जानेरे या स्विस वास्तुविशारदाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सागाच्या आणि वेताच्या खुर्च्या केल्या. साधे सरळ भाग, स्थानिक सुतारांना जमतील असे. वेत फाटला तर पुन्हा विणायचा, हात मोडला तर हात बदलायचा. आपण त्या भंगार म्हणून गच्चीवर टाकल्या, लिलावात मातीमोलाने विकल्या. त्याच खुर्च्या पुढे लंडन-पॅरिसच्या लिलावांत लाखांनी गेल्या. दुरुस्त होऊ शकणाऱ्या वस्तूला दुसरं आयुष्य मिळतंच, प्रश्न फक्त ते कोणाच्या घरात मिळतं एवढाच.

माझ्या या म्हणण्यावर आक्षेप येतात, आणि ते सगळे उडवून लावण्यासारखे नाहीत.

पहिला पैशांचा. बोल्टचं, कुसवाचं काम करायला वेळ लागतो, आणि मुंबईत मिस्त्रीची दिवसाची मजुरी जबर. हे खरं आहे. सुरुवातीचा खर्च वाढतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मुंबईकर त्याचं फर्निचर एकाच जागी किती काळ ठेवतो, हेही धरायला हवं. भाडेकरूचा करार अकरा महिन्यांचा. पुनर्विकासात गेलेल्याला किमान दोनदा बिऱ्हाड हलवायचं, एकदा बाहेर आणि एकदा परत, आणि बांधकाम रखडलं तर मध्ये आणखी एकदा. दरवेळी ठोकलेलं फर्निचर फोडून नवं करायचं, हा खर्च आपण ‘शिफ्टिंगमध्ये थोडं नुकसान होतंच’ म्हणून हिशेबातच घेत नाही. तो घेतला तर स्वस्त काय आणि महाग काय, याचं उत्तर बदलतं.

तयार बाजारी फर्निचरवाले म्हणतात, आमचं तर सुटंच येतं, ॲलन कीने, म्हणजे छोट्या षटकोनी चावीने, जोडायचं. बरोबर. तुर्भ्याला डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या आयकियाने हे मुंबईकरांना चांगलंच शिकवलं, आणि सपाट खोक्यात सामान आणणं ही गोष्ट चांगलीच आहे. पण स्वस्त पार्टिकल बोर्डात, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळीत, बसवलेला स्क्रू एकदा जोरात धरतो, दुसऱ्यांदा कुरकुरतो, तिसऱ्यांदा त्याच्या भोकाचा भुसा होतो. तेव्हा दुकानदाराला विचारायचं ते ‘जोडता येतं का’ असं नाही. कितीदा सोडवता येतं, हे विचारायचं. लाकडात किंवा चांगल्या प्लायमध्ये धातूचा आटा, म्हणजे आतून पेच असलेली छोटी नळी, बसवून त्यात बोल्ट घातला तर हा प्रश्न राहत नाही, आणि तो आटा सोन्याचा नसतो.

दुसरा आक्षेप असा की बोल्टचं फर्निचर सैल होतं, आवाज करतं. होतं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, बोल्ट ढिला पडतो. वर्षातून एकदा आवळावा लागतो. आपण खंडेनवमीला पाना-पकडीला झेंडू वाहतो, ती पूजा झाल्यावर तोच पाना घरभर फिरवला तर काय हरकत आहे?

तिसरा आक्षेप घरातल्या बायकांकडून येतो आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो: सांधे म्हणजे ढेकूण. चाळीत वाढलेल्यांना हे सांगायला नको. पण त्याच चाळीत ढेकणांचं औषधही सांध्यातच होतं. खाट गॅलरीत काढायची, सुटी करायची, सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं, कडक उन्हात टाकायची. आज स्टोरेजच्या बेडमध्ये ढेकूण झाले तर बेडचं ठोकलेलं पोट उघडता येत नाही, मग पेस्ट कंट्रोलवाला येतो आणि सगळं घर दोन दिवस फवाऱ्याच्या वासात. वाळवीचंही तेच. भिंतीला चिकटलेल्या कपाटाची मागची बाजू कोणालाच दिसत नाही. वाळवीला याहून सुरक्षित जागा कोणती?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कलिना, कुर्ला, मिलन सबवेच्या आसपास तळमजल्यांत छातीइतकं पाणी. पाणी ओसरल्यावर भंगार झालेल्या सामानाचे ढीग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लागले. त्या ढिगांत काय होतं आणि काय नव्हतं, हे ज्यांनी पाहिलं त्यांना आठवत असेल. पार्टिकल बोर्ड पावासारखा फुगलेला. लोखंडी कपाटं मात्र उघडून, पुसून, वाळवून पुन्हा उभी राहिली. सागाची टेबलं सुटी करून उन्हात टाकली गेली. या शहराच्या तळमजल्यांत पाणी शिरणं थांबलेलं नाही, थांबण्याची लक्षणंही नाहीत. तिथे राहणाऱ्याला सुटं होणारं फर्निचर ही काही आवडीनिवडीची बाब राहत नाही.

प्रश्न इतका घराघरातला असेल तर सार्वजनिक कसा? तर असा की फर्निचरचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक आपण नाही, सरकार आणि पालिका आहेत. पालिकेच्या शाळांतले बाक, वॉर्ड ऑफिसातली टेबलं, रुग्णालयांतली बाकडी, वाचनालयांतली कपाटं. त्यांच्या निविदांत लांबी, रुंदी, जाडी, रंग सगळं लिहिलेलं असतं. त्यात एक ओळ घालावी: प्रत्येक भाग बाजारात सहज मिळणाऱ्या नट-बोल्टने जोडलेला असावा आणि नेहमीच्या पान्याने सुटावा. एवढ्या एका ओळीने शाळेच्या मागच्या अंगणातला मोडक्या बाकांचा डोंगर उतरेल, कारण तीन मोडक्या बाकांतून एक धड बाक शिपाईसुद्धा करू शकेल. १९७४ साली एन्झो मारी या इटालियन डिझायनरने साध्या फळ्या, हातोडा आणि खिळ्यांनी घरीच करता येतील अशा १९ वस्तूंचे आराखडे काढले आणि टपालखर्च पाठवणाऱ्या कोणालाही ते पाठवले. खिळे मला तितके पटत नाहीत, बोल्ट असते तर बरं झालं असतं. पण आराखडा लोकांच्या हाती देण्याची कल्पना लाख मोलाची. पवईला आयआयटीत डिझाइनचं शिक्षण १९६९पासून चालू आहे. शाळेचा एक बाक, एक कपाट, एक टेबल यांचे असे खुले आराखडे मराठीत काढून प्रत्येक आयटीआयला वाटले, तर त्यात आभाळ कोसळण्यासारखं काही नाही.

कायद्याचंही बघू. प्लास्टिक, ई-कचरा, बॅटऱ्या, टायर या वस्तू विकणाऱ्यावर त्या परत गोळा करण्याची जबाबदारी आपल्याकडे टाकलेली आहे. फर्निचर त्या यादीत नाही. फ्रान्समध्ये २०१३पासून नव्या फर्निचरच्या किमतीतच एक छोटी रक्कम घेतली जाते आणि त्यातून जुनं फर्निचर गोळा करून त्याची व्यवस्था लावली जाते. आपल्याकडे हे उद्या लागू करा असं मी म्हणणार नाही. ओशिवऱ्याच्या एका गाळ्यात दोन माणसांवर चालणाऱ्या सुताराला असल्या फॉर्मांच्या खाली चिरडण्यात काही शहाणपण नाही. मोठ्या कंपन्यांपासून सुरुवात करावी, आणि ज्यांचं फर्निचर सुटं होतं त्यांना सूट द्यावी.

पण ज्या जागी आत्ता, या क्षणी निर्णय होतायत ती जागा म्हणजे पुनर्विकासाची इमारत. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात. त्यांच्यामागे नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळी आहेत, म्हाडाला दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती आहेत, उपनगरांतल्या असंख्य सोसायट्या आहेत. आयुष्यात पहिल्यांदाच एवढी भिंत मिळालेली ही माणसं येत्या काही वर्षांत फर्निचर करणार, आणि करायलाच हवं त्यांनी. इंटिरिअरवाला येऊन मोबाइलवर फोटो दाखवेल, भिंतभर ठोकून देतो म्हणेल.

तो का ठोकतो? कारण नव्या इमारतीत कपाट लटकवायला भिंतीत काहीच नसतं. हलक्या ब्लॉकची भिंत, तिला भोक पाडायचं म्हणजे धास्ती, मग खोका जमिनीपासून छतापर्यंत उभा करून चारही बाजूंनी चिकटवणं त्याला सोपं. बिल्डरने बांधतानाच प्रत्येक खोलीच्या एका भिंतीत, सहा-साडेसहा फुटांवर, वजन पेलणारी एक आडवी लोखंडी पट्टी बसवून दिली, ठरावीक अंतरावर भोकं असलेली, तर कपाट त्यावर अडकवता येईल, काढता येईल, विकता येईल, मुलीच्या घरी पाठवता येईल. सोसायटीच्या सभा भाडं, ब्रोकरेज, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारा निधी), शिफ्टिंगचा खर्च यांवर रात्री बारा-बारापर्यंत चालतात आणि करारात एकेका चौरस फुटासाठी भांडण होतं. त्याच करारात, सुविधांच्या यादीत, या पट्टीचं एक कलम घालायला सांगावं. तळमजल्याच्या लॉबीला इटालियन मार्बल लावणाऱ्या विकासकाला एक लोखंडी पट्टी परवडत नाही, हे कमिटीसमोर सांगायला त्याचीही जीभ रेटणार नाही.